भंगाराच्या तागडीत रॉकचा इतिहास

उदगीरच्या भंगार बाजारात वस्तूचे मोल तिच्या वजनावरून ठरते. गेल्या पावसाळ्यात अशाच एका दुकानात, वर्तमानपत्रांच्या रद्दीखाली दबलेल्या पंधरा-सोळा लाँगप्ले तबकड्या प्रस्तुत प्रतिनिधीच्या दृष्टीस पडल्या. सर्वांत वर 'शोले'च्या संवादांची तबकडी होती. तिच्याखाली काही कव्वाल्या, दोन-तीन हिंदी चित्रपट, एक भक्तिगीतांचा संच, आणि तळाशी ओल धरून कडा फुगलेले एक काळे वेष्टन. त्यावर लोलकातून फुटणारे रंग. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश वाद्यवृंदाची १९७३ सालची 'द डार्क साइड ऑफ द मून'. वेष्टनाच्या पाठीमागे, बारीक अक्षरांत, ती ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने भारतातच तयार केल्याची नोंद होती. पन्नास रुपयांत सौदा झाला. दुकानदाराला त्यात तोटा नव्हता. "पुठ्ठा पुठ्ठ्यात जातो, रेकॉर्ड पलास्टिकात. दोन्ही मिळून एवढे कुठं येतात, साहेब?" असा त्याचा रोखठोक हिशेब.

हाच ऐवज मुंबईतील जुन्या तबकड्यांच्या विक्रेत्याकडे चार आकडी रकमेला जातो. परदेशी संग्राहकाकडे पोहोचला, तर भारतात तयार झालेली प्रत म्हणून तिला आणखी निराळे मोल येते. एकाच वस्तूच्या या दोन किमतींमधले अंतर हा निव्वळ बाजाराचा चमत्कार म्हणून सोडून देता आला असता. परंतु गेल्या काही वर्षांत जुन्या तबकड्यांना जगभर जी मागणी आली आहे, तिच्यामुळे भारतातील रॉक संगीताचा बराचसा दस्तऐवज हळूहळू देशाबाहेर चालला आहे. आणि जो बाहेर जात नाही, तो प्लास्टिकच्या भट्टीत वितळतो आहे. दोन्ही वाटा कायद्याने मोकळ्या आहेत. चिंतेचा मुद्दा तो आहे.

मागणी परतली कशी

तबकडीचा अंत झाला असे सर्वांनी गृहीत धरले होते. भारतात ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेटने तिला मागे सारले आणि नव्वदच्या दशकात तिचे उत्पादन जवळपास थांबले. पुढे सीडी आली, मग संगणकावरच्या फायली आल्या, आता तर गाणे विकत घेण्याचीही गरज उरलेली नाही. मुंबईत काळा घोडा येथील 'ऱ्हिदम हाउस' हे संगीतप्रेमींच्या कित्येक पिढ्यांचे दुकान २०१६ च्या आरंभी बंद झाले, तेव्हा एका युगाची अखेर म्हणून त्यावर लेख आले होते.

प्रत्यक्षात चित्र पालटत होते. अमेरिकेत २०२२ साली तबकड्यांचा खप ४ कोटी १० लाखांवर गेला, तर सीडींचा ३ कोटी ३० लाखांवर राहिला. १९८७ नंतर प्रथमच तबकडीने सीडीला संख्येत मागे टाकले. भारतातही २०२४ साली नवी मुंबई परिसरात तबकड्या तयार करणारा कारखाना सुरू झाला. कित्येक वर्षांच्या खंडानंतरचा हा पहिलाच प्रयत्न. नव्या तबकडीची किंमत सामान्य श्रोत्याला परवडणारी नसते. त्यामुळे ज्यांना ही आवड नव्याने लागली, ते जुन्या बाजाराकडे वळले. मुंबईचा चोर बाजार, पुण्याचा जुना बाजार येथे रविवारी तरुण मुले गुडघ्यांवर बसून तबकड्या चाळताना दिसतात, ती यामुळे.

या व्यवहाराला खरी गती दिली ती इंटरनेटने. २००० साली सुरू झालेल्या 'डिस्कॉग्स' या संकेतस्थळावर जगातील लक्षावधी तबकड्यांची सूची आहे. कोणती प्रत कोणत्या देशात, कोणत्या साली निघाली आणि मागच्या वेळी कितीला विकली गेली, हे तेथे कोणालाही पाहता येते. मुंबईच्या विक्रेत्याला ही किंमत ठाऊक असते, टोकियोच्या गिऱ्हाइकाला असते. उदगीर, अहमदपूर, देगलूरच्या भंगारवाल्याला नसते. नफा नेमका या अज्ञानात आहे.

दमदमची छाप

भारतीय प्रतीला परदेशात मोल का यावे, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. भारतातील पहिली व्यावसायिक ध्वनिमुद्रणे १९०२ साली कोलकात्यात झाली. १९०८ मध्ये तेथेच सियालदहला कारखाना उभा राहिला आणि विसाच्या दशकाअखेर तो दमदमला हलला. मराठी नाट्यसंगीत असो की हिंदी चित्रपटगीते, 'एचएमव्ही'च्या कुत्र्याचे चित्र मिरवणाऱ्या बहुतेक तबकड्या याच कारखान्यातून देशभर गेल्या. परदेशी मालाच्या आयातीवर कडक निर्बंध असण्याच्या त्या काळात पाश्चात्त्य संगीताची तबकडी हवी असेल, तर ती येथेच तयार करणे भाग होते. मूळ ध्वनिमुद्रण परदेशातून येई, त्यावरून धातूचे साचे बनत आणि त्यांच्यामध्ये तापवलेले प्लास्टिक दाबून तबकडी निघे. वेष्टनाची छपाईही येथलीच. कागद, रंगाची छटा, लेबलावरील मजकूर यांत मूळ ब्रिटिश आवृत्तीहून फरक पडे. संग्राहकाला रस असतो तो या फरकात.

जाणकार माणूस तबकडी हाती घेतो, तेव्हा वेष्टनाकडे नंतर पाहतो. शेवटचे गाणे संपल्यावर लेबलाभोवती जो गुळगुळीत पट्टा उरतो, तेथे तो प्रथम उजेड पाडतो. त्या पट्ट्यात साच्याचा क्रमांक कोरलेला असतो. तबकडी कोणत्या साच्यातून निघाली, पहिल्या खेपेची की नंतरची, हे त्यावरून उमगते. एखाद्या ताम्रपटावरील अक्षरे वाचावीत तसे हे वाचन चालते. हा क्रमांक भंगारात वितळला की त्या आवृत्तीचा एक पुरावा कायमचा जातो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण बीटल्सचे आहे. साठच्या दशकात युरोप-अमेरिकेत ७८ फेऱ्यांची लाखेची तबकडी बाद झाली होती. भारतात मात्र वीज न पोहोचलेल्या गावांत चावी देऊन चालणारे ग्रामोफोन अजून घरोघरी होते आणि त्यांवर ७८ फेऱ्यांचीच तबकडी वाजे. त्यामुळे १९६३ ते १९६५ या काळात लिव्हरपूलच्या या चौघांची गाणी भारतात लाखेच्या तबकड्यांवर निघाली. विजेच्या गिटारीवर वाजवलेले संगीत विजेवाचून ऐकण्याची सोय! जगाच्या दृष्टीने ही गंमतीची विसंगती होती. आपल्या दृष्टीने ती सरळसाधी निकड होती. आज या तबकड्या बीटल्सच्या संग्राहकांत अत्यंत दुर्मीळ गणल्या जातात आणि चांगल्या स्थितीतील प्रतीला हजारो डॉलर मोजले गेले आहेत. लाख ठिसूळ. ज्या फुटल्या त्या उकिरड्यावर गेल्या, ज्या वाचल्या त्यांतल्या बहुतेक देशाबाहेर आहेत.

उदगीरला सापडलेल्या तबकडीचाही भारताशी असलेला संबंध केवळ कारखान्यापुरता नाही. 'डार्क साइड ऑफ द मून' ही लंडनच्या ॲबे रोड स्टुडिओत घडली. अमेरिकेत तिला जे अफाट यश मिळाले, त्यामागे कॅपिटॉल रेकॉर्ड्सचे तत्कालीन प्रमुख भास्कर मेनन यांची विक्रीची धडाडी होती, हे पिंक फ्लॉइडच्या मंडळींनीही मान्य केले आहे. हे मेनन मूळचे केरळचे. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाचा कारभार सांभाळून १९७१ मध्ये ते अमेरिकेत कॅपिटॉलच्या प्रमुखपदी गेले. त्यानंतर ती तबकडी १९८८ पर्यंत अमेरिकेच्या खपाच्या यादीत एकूण ७४१ आठवडे राहिली. मेनन २०२१ साली निवर्तले.

मुंबईत घडलेले रॉक

परदेशी वाद्यवृंदांच्या भारतीय प्रती हरवल्या, तरी मूळ संगीत कोठे ना कोठे शिल्लक राहील. पिंक फ्लॉइडला उदगीरच्या प्रतीवाचून काही अडणार नाही. अडते ते येथे घडलेल्या संगीताचे.

मुंबई हे त्या काळात रॉकच्या नकाशावरचे खरेखुरे ठिकाण होते. जॉर्ज हॅरिसनने जानेवारी १९६८ मध्ये फोर्टमधील एचएमव्हीच्या स्टुडिओत 'वंडरवॉल म्युझिक' या आपल्या संचाचा भारतीय भाग ध्वनिमुद्रित केला. त्यात शिवकुमार शर्मा यांचे संतूर आहे, आशिष खाँ यांचा सरोद आहे. बीटल्सपैकी एकाची ही पहिली स्वतंत्र लाँगप्ले. १९७२ मध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट यांनी मुंबईतील वादकांना घेऊन आपली दोन गाणी नव्याने ध्वनिमुद्रित केली. ती ४३ वर्षे पडून राहिली आणि २०१५ मध्ये अधिकृतपणे प्रसिद्ध झाली. या दोन्ही नोंदी टिकल्या, कारण त्यांच्यामागे मोठ्या परदेशी कंपन्या होत्या.

मुंबईच्या स्वतःच्या वाद्यवृंदांमागे कोणी नव्हते. १९७० आणि १९७१ मध्ये 'सिमला' या सिगारेटच्या जाहिरातीसाठी 'सिमला बीट' नावाची स्पर्धा झाली. देशाच्या निरनिराळ्या शहरांतील तरुणांचे वाद्यवृंद त्यात उतरले आणि दोन्ही वर्षी निवडक गाण्यांची एकेक लाँगप्ले निघाली. सिगारेटच्या जाहिरातीतून एका पिढीच्या संगीताचा दस्तऐवज तयार व्हावा, हा योगायोग आज ऐकायला विचित्र वाटतो. पण त्या दोन तबकड्या नसत्या, तर त्यांतील बहुतेक वाद्यवृंदांचा आवाजच मागे उरला नसता. मूळ प्रती थोड्या निघाल्या, त्यांतल्याही थोड्या वाचल्या. पुढे युरोपात त्यांच्या नव्या आवृत्त्या निघाल्या, त्यावरून आता आपल्याकडचे तरुण ही गाणी ऐकतात.

'ॲटॉमिक फॉरेस्ट' या मुंबईच्या वाद्यवृंदाची कहाणी अधिक चटका लावणारी आहे. सत्तरच्या दशकात हॉटेलांत, महाविद्यालयांत कार्यक्रम करून त्यांनी नाव मिळवले. 'ऑब्सेशन ७७' हा त्यांचा संच म्युझिक इंडिया या कंपनीने बाजारात आणला तो १९८१ साली. तोवर वाद्यवृंद फुटला होता, श्रोता डिस्कोकडे वळला होता. तबकडी खपली नाही. तीस वर्षांनी, २०११ मध्ये, 'नाऊ-अगेन' या अमेरिकी कंपनीने तिचे पुनर्मुद्रण काढले, वादकांचा शोध घेतला, त्यांची हकिगत छापली, आणि मग जगभरच्या जाणकारांना कळले की सत्तरच्या दशकातील मुंबईत असेही काही वाजत होते. मूळ भारतीय प्रत आज क्वचितच विक्रीस येते आणि आली, तर सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर असते.

हे सारे इंग्रजी वळणाचे, उच्चभ्रू मुंबईचे. मराठी माणसाचा याच्याशी संबंध काय, असा प्रश्न येथे विचारला जाईल. उदगीरमध्ये तो मला विचारलाही गेला. उत्तरादाखल नंदू भेंडे यांचे नाव पुरेसे आहे. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा 'वेल्व्हेट फॉग' या रॉक वाद्यवृंदात गात असे. ॲलेक पदमसी यांच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये त्याने जुडास रंगवला, आणि १९७८ मध्ये पु. ल. देशपांडे यांनी रूपांतरित केलेल्या व जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेल्या 'तीन पैशाचा तमाशा'त तोच अंकुश म्हणून उभा राहिला. रॉकचा आवाज त्या नाटकातून मराठी रंगभूमीवर आला आणि प्रेक्षकांनी तो स्वीकारला. भेंडे २०१४ मध्ये गेले. मराठी नाट्यसंगीताच्या इतिहासात त्यांना जागा द्यायची असेल, तर सत्तरच्या दशकातील मुंबईचे वाद्यवृंद वगळून ती देता येणार नाही.

कायद्याला दिसत नसलेली वस्तू

पुस्तक प्रसिद्ध झाले की प्रकाशकाने त्याच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांकडे पाठवल्या पाहिजेत, असा १९५४ चा केंद्रीय कायदा आहे. मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय त्या मोजक्या ग्रंथालयांपैकी एक. १९५६ मध्ये वर्तमानपत्रांचाही समावेश झाला. ध्वनिमुद्रिकांचा मात्र झाला नाही. परिणामी १९७० साली मुंबईत छापलेली एखादी सामान्य इंग्रजी कादंबरी आज सरकारी ग्रंथालयात मिळण्याची शक्यता आहे. 'सिमला बीट' मागण्याचा अधिकार कोणत्याच ग्रंथालयाला कधी नव्हता. चित्रपटांसाठी १९६४ पासून पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तेथेही हरवलेल्या चित्रपटांची यादी लांब आहे, परंतु निदान हरवले काय, हे सांगणारे कोणी आहे.

प्राचीन वस्तूंच्या निर्यातीला आळा घालणारा १९७२ चा कायदा येथे उपयोगाचा नाही. कलावस्तूसाठी त्यात शंभर वर्षांची, हस्तलिखित आणि दस्तऐवजांसाठी पंच्याहत्तर वर्षांची अट आहे. पन्नास-साठ वर्षांची तबकडी यांपैकी कशातच बसत नाही. ती खोक्यात घालून कोणत्याही देशात पाठवता येते. तशी बंदी असावी असे मला वाटतही नाही. घरात पडून राहिलेली वस्तू विकण्याचा हक्क मालकाचा आहे, आणि परदेशी गिऱ्हाईक ती वस्तू जिवापाड जपते. 'ऑब्सेशन ७७' वाचली ती परदेशी आस्थेमुळे, हे कृतघ्नपणे नाकारण्यात अर्थ नाही.

खरी कोंडी स्वामित्वहक्काची आहे. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. 'सिमला बीट'ची पहिली तबकडी २०३० च्या अखेरपर्यंत आणि 'ऑब्सेशन ७७' २०४१ च्या अखेरपर्यंत या हक्काखाली आहे. ज्या कंपन्यांकडे हक्क आहेत, त्या मध्यंतरी विलीन झाल्या, नावे बदलून बसल्या. पॉलिडॉरची म्युझिक इंडिया झाली आणि पुढे ती एका बहुराष्ट्रीय समूहात मिसळली. खप नसलेल्या जुन्या संचात त्यांना रस असण्याचे कारण नाही. ज्याच्याकडे प्रत आहे, त्याला ती प्रसृत करण्याचा अधिकार नाही; ज्याच्याकडे अधिकार आहे, त्याने प्रत जपली असेलच असे नाही. २०४१ पर्यंत वाट पाहायची, तर तोवर तबकडी वाजण्याजोगी राहिली पाहिजे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या छताखाली ती वाकते आणि पावसाळ्यात वेष्टनाला बुरशी धरते.

या परिस्थितीत जे काही झाले, ते हौशी माणसांनी केले. मुंबईत १९९० साली स्थापन झालेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही अशा हौशींची संस्था. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेले सुरेश चांदवणकर यांनी तिच्यामार्फत जुन्या तबकड्यांच्या नोंदी, श्रवणसत्रे आणि 'द रेकॉर्ड न्यूज' हे नियतकालिक वर्षानुवर्षे चालवले. त्यांचा भर प्रामुख्याने ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर, शास्त्रीय आणि नाट्यसंगीतावर राहिला, आणि तो रास्तच होता. लाखेच्या तबकड्या अगोदर नष्ट होणार होत्या. साठ-सत्तरच्या दशकातील रॉक मात्र त्या कक्षेच्या कडेवर राहिला. अभिजात संगीतवाल्यांना तो परका, चित्रपटसंगीतवाल्यांना अनोळखी, आणि सरकारला तर तो संस्कृती वाटण्याचा प्रश्नच नव्हता.

एप्रिल २०२२ मध्ये उदगीरला पंच्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा पुस्तकांच्या दालनांत माणसांची रीघ लागली होती. जुन्या ग्रंथांविषयीचा आदर या गावाला शिकवावा लागत नाही. १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यात असलेल्या या तालुक्यात मराठी, उर्दू, कन्नड आणि तेलुगू चारही भाषांचा वावर आहे. घराघरांतल्या जुन्या पेट्यांतून या चारही भाषांच्या तबकड्या असण्याची शक्यता आहे. हैदराबादेत वा पुण्यात शिकून परतलेल्या कोणा मुलाने आणलेली एखादी इंग्रजी तबकडी त्यांत निघाली, तर नवल नाही. नोंद ठेवायला फारसा पैसा लागत नाही. तबकडीवरील क्रमांक, लेबल आणि वेष्टन यांची छायाचित्रे आणि सापडल्याचे ठिकाण एवढे टिपले, तरी वस्तू विकली गेल्यावर माहिती मागे राहते. महाविद्यालयातील एखाद्या विभागाला वर्षभरात जमेल असे हे काम आहे.

'डार्क साइड' घरी आणली, तेव्हा ती वाजवायला यंत्र नव्हते. एका निवृत्त शिक्षकांकडे जुना रेकॉर्ड प्लेअर होता, त्याचा पट्टा सैल झाला होता. पट्टा बदलून, तबकडी कोमट पाण्याने पुसून तिसऱ्या दिवशी ती लावली. पहिल्या बाजूवर चरचर फार होती, दुसरी बाजू चांगली वाजली. आतल्या कागदी पिशवीवर निळ्या शाईत 'पुणे, १९७५' असे लिहिलेले आढळले; नाव पाण्याने पुसले गेले होते. उरलेल्या तबकड्यांवर असे काही लिहिले आहे का, हे पाहण्यासाठी पुढच्या आठवड्यात पुन्हा त्या दुकानात गेलो. प्लास्टिकची गाडी रविवारीच हैदराबादला गेल्याचे दुकानदाराने सांगितले. 'शोले' तेवढी त्याने मुलासाठी ठेवून घेतली होती.